पोळा आला की रंधा मशीन फळी पिळून देतं: बेअरिंग बदलण्याआधी हे तपासा

तक्रार एका वाक्यात सांगायची तर, उन्हाळ्यात जुळवलेलं जुनं रंधा-करवत मशीन पोळ्याच्या सुमारास फळीला पीळ द्यायला लागतं, आणि तेव्हा पुन्हा जुळवलं की होळीपर्यंत उलट्या बाजूचा पीळ देतं. वर्षातून दोनदा तीच डोकेदुखी. माझ्याकडे हे सलग तीन वर्षं चाललं. त्या तीन वर्षांत मी दोनदा बेअरिंग बदलली, एकदा टेबलं काढून ग्राइंडिंगला पाठवली, आणि ज्याची काही चूक नव्हती अशा एका वर्कशॉपवाल्याशी भांडलो. दोष मशीनमध्ये नव्हताच. ज्यांचं शेड काळ्या जमिनीवर आहे त्यांनी पान्याला हात लावण्याआधी हे वाचावं.

मशीन म्हणजे आपल्याकडे सुतारांच्या दुकानात दिसणारं जुन्या पद्धतीचं तीन-कामी धूड. बीडकडच्या एका बंद पडलेल्या वखारीत ते पत्र्याखाली पडून होतं. आणखी महिनाभर उशीर केला असता तर जालन्याच्या भंगारवाल्यांकडे गेलं असतं. (ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो, त्यामुळे ‘बीडहून बिडाचं मशीन आणलं’ असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर थांबतोच.) मधोमध नऊ इंची रंधा, त्याच शाफ्टच्या एका टोकाला गोल करवत, दुसऱ्या टोकाला भोकं पाडायचा चक आणि चकासमोर पुढे-मागे सरकणारं छोटं टेबल. मोटर एक, शाफ्ट एक, कामं तीन. सांगाडा सगळा बिडाचा, चार पायांचा, प्रत्येक पायाला बोल्टसाठी कान. नावाची पट्टी केव्हाच गेलेली. एका पायाचा कान कधीतरी तुटून पितळ भरून जोडलेला होता. हा कान लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

एका मोटरवर अनेक कामं ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांचं शॉपस्मिथ १९४७ मध्ये बाजारात आलं. त्यात करवत, खराद, उभं ड्रिल, आडवं ड्रिल आणि सँडिंगची तबकडी अशी पाच कामं होतात. पण त्याचा बांधा वेगळा. मोटरचं डोकं दोन समांतर पोलादी नळ्यांवर सरकतं, आणि ड्रिलसाठी सगळं मशीन उचलून उभं करता येतं. ते जमिनीला जखडत नाहीत. आपली धुडं मात्र आपण चार बोल्ट मारून फरशीत गाडतो, आणि वर ‘आता हलणार नाही’ म्हणून खूश होतो. नेमकं तिथंच बिनसतं.

लक्षणं तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या रोगांची वाटतात. पहिलं, रंध्यावरून काढलेली फळी सपाट ओट्यावर ठेवली की समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात आणि उरलेले दोन उचललेले राहतात. दुसरं, गोल करवतीवर चिरलेल्या पट्टीला गुण्या लावला की काटकोनाच्या एका बाजूला उजेड दिसतो. तिसरं, बेल्टची एकच कड झिजते, पुलीजवळ काळी भुकटी पडते आणि बेअरिंगवर हात ठेवला तर चटका बसतो. मोटर वेगळी जमिनीवर बसवलेली असेल तर हे तिसरं हमखास दिसतं. माझी मोटर तशीच होती, मिनिटाला १४४० फेऱ्यांची, आठ इंची पुलीवरून तीन इंची पुलीला जोडलेली.

तीन कामांचं मशीन असलं की माणूस तीन दुरुस्त्या करतो. पीळ दिसला की टेबल ज्या उतरत्या बैठकीवर सरकतं त्या उताराखाली पातळ पत्री घालतो, गुण्या चुकला की करवतीचं टेबल सैल करतो, बेअरिंग तापलं की बदलतो. मीही तेच केलं. ६२०६ नंबरच्या बेअरिंगची नवी जोडी घातली, दोन महिने बरं चाललं, तेव्हा वाटलं की रोग गेला. प्रत्यक्षात पाऊस गेला होता.

आता हे खरंच मशीनचं आहे की लाकडाचं, ते आधी वेगळं करा. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत सुकलेलं सागवान पावसाळ्यात दमट हवा पितं आणि आपोआप पिळतं. त्यासाठी सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे वेळ. फळी रंध्यातून निघाली की त्याच मिनिटाला तपासा. तेव्हा सरळ असेल आणि दोन दिवसांनी पिळली तर दोष लाकडाचा, किंवा ते पूर्ण सुकलेलं नव्हतं. निघतानाच पिळलेली असेल तर दोष मशीनचा. त्यासाठी लाकूडही जुनं घ्या. मी पाडलेल्या वाड्यातल्या सागवानी तुळईचा तुकडा फक्त याच कामासाठी ठेवला आहे. त्याचं सुकणं-पिळणं दोन पिढ्यांपूर्वीच बरंचसं उरकलं आहे.

इथं एक फसगत सांगतो, तिने माझं एक वर्ष खाल्लं. फळी सरळ आहे का हे बघायला आपण काय करतो? एकाच मशीनवरून काढलेल्या दोन फळ्या तोंडाला तोंड लावतो आणि मधून उजेड दिसतो का ते बघतो. फळीला मध्ये पोट असेल किंवा खळगा असेल तर या परीक्षेत तो दुप्पट होऊन दिसतो, म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसतो. पण पिळाच्या बाबतीत ही परीक्षा नापास आहे. एकाच बाजूला पिळलेल्या दोन फळ्या समोरासमोर लावल्या तर एकीचा उंच कोपरा दुसरीच्या खोल कोपऱ्यावर येतो आणि दोन्ही मिठी मारल्यासारख्या बसतात. फट शून्य. मी दोन फळ्या अशा लावून बघायचो आणि म्हणायचो, मशीन एकदम ओके. मग दाराची चौकट जोडली की एक कोपरा अर्धा सेंटिमीटर बाहेर.

पीळ बघायचा तो दोन पट्ट्यांनीच. अलीकडची काळी, पलीकडची पांढरी रंगवलेली, दोन्ही सारख्या उंचीच्या आणि धारेला सरळ. फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवायच्या, दोन हात मागे सरून एक डोळा मिटायचा आणि काळीच्या कडेवरून पांढरीची कड बघायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एका बाजूला पांढरं जास्त दिसलं तर आहे. पट्ट्या फळीच्या रुंदीपेक्षा जितक्या लांब, तितका दोष मोठा होऊन दिसतो. मी दोन-दोन फुटांच्या वापरतो.

याच पट्ट्या मग थेट रंध्याच्या टेबलांवर ठेवा, एक पुढच्या टेबलाच्या टोकाला, एक मागच्या. मुख्य स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय मात्र तिथं हात नेऊ नका. पाती थांबलेली असली तरी ती पातीच असतात. आणि पाती बसवलेला फिरता ब्लॉक गोल नसून चौकोनी असेल, तर ते मशीन शोभेला ठेवा आणि हातानं फळी ढकलून त्यावर काम करू नका. चौकोनी ब्लॉकपुढची फट इतकी मोठी असते की बोट आत जातं.

टेबलांचा एक वेगळा, साधा दोष आहे, त्याची पिळाशी गल्लत होते म्हणून पटकन सांगून पुढे जातो. मागचं टेबल, म्हणजे पाती ओलांडल्यावर फळी ज्यावर येते ते, पात्यांच्या वरच्या टोकाच्या बरोबर उंचीला हवं. ते किंचित खाली असेल तर फळीचं शेवटचं टोक खड्ड्यात पडल्यासारखं जास्त कापलं जातं. वर असेल तर फळी त्याच्या कडेला अडते किंवा एका बाजूला पातळ होत जाते. हे स्क्रूनं जुळतं. पीळ स्क्रूनं जुळत नाही. पत्री घालून तो लपतो, एवढंच.

माझ्या टेबलांवरच्या पट्ट्यांमध्ये तिसऱ्या वर्षीच्या पोळ्याला स्पष्ट पीळ होता. गंमत म्हणजे हीच टेबलं उन्हाळ्यात ग्राइंडिंग करून आणलेली. मी फोन उचलला आणि त्या वर्कशॉपवाल्याला नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, माझ्याकडं प्लेटवर सपाट होतं. तुमच्याकडं गेल्यावर काय झालं ते तुम्ही बगा.” मला ती टोलवाटोलवी वाटली.

उलगडा झाला तो दारामुळे. श्रावणात माझ्या शेडचं दार अडकतं. वरच्या कोपऱ्यात घासतं, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. घरात सगळे म्हणतात तसं मीही म्हणायचो की पावसाळ्यात दार फुगतं. एका संध्याकाळी खांदा लावता लावता ट्यूब पेटली. माझं दार लोखंडी आहे.

लोखंड फुगत नाही. चौकट सरकली होती. चौकट सरकली म्हणजे भिंत सरकली, आणि भिंत सरकली म्हणजे खालची जमीन. मग मागचा हिशेब लागत गेला. हेच मशीन आधी दोन वर्षं गावातल्या जुन्या वाड्याच्या पडवीत होतं. तिथं एकदाही कुरकुर नव्हती. रोग सुरू झाला तो रस्त्याकडेच्या नव्या प्लॉटिंगवर शेड बांधून मशीन तिथं हलवल्यावर. आपल्या मराठवाड्यातली माणसं गावाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. जुनी वस्ती पांढऱ्या मातीवर, पेरणी काळ्या मातीत. आपण प्लॉटिंग करून काळीत राहायला आलो.

काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याचे थर पोटात घेते आणि फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात, ज्यात काठी घातली तर हात-दोन हात आत जाते, ती हीच आकसण्याची खूण. फरशीखालीही तेच चालतं, फक्त दिसत नाही. आणि सगळीकडे सारखं चालत नाही, खरा घोळ तिथं आहे. माझ्या शेडच्या वायव्य कोपऱ्यात पत्र्याच्या पागोळ्या पडतात, तो कोपरा भिजून वर येतो. उलट बाजूला कडुलिंबाचं झाड आहे, ते जमिनीतलं पाणी ओढून घेतं, तिथली माती लवकर बसते.

आता परीक्षा. पहिली अगदी दोन मिनिटांची. टेबलांवर पट्ट्या ठेवून पीळ बघा, मग चारही पायांचे नट दोन-दोन फेरे सैल करा, आणि पुन्हा बघा. मी तिसऱ्या पायाचा नट सोडला तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला आणि पाय जमिनीवरून उचलला गेला. खाली जवळपास तीन मिलिमीटरची फट. पट्ट्यांमधला पीळ जवळजवळ गेलेला. आणि तो पाय कोणता? पितळ भरलेल्या कानाचा. वखारीतल्या मालकाकडेही कधीतरी हीच गोष्ट झाली असणार. जमिनीने ओढलं, बीड फारसं वाकत नाही, शेवटी कान तुटला. त्याने कान जोडून घेतला, कारण विचारलं नाही. मीही मशीन रंगवताना त्या जोडावरून छान ब्रश फिरवला होता.

नट सैल केल्यावर पीळ गेला नाही तर दोष खरोखर मशीनच्या आत आहे. टेबलाचे उतार झिजले असतील किंवा सांगाड्यालाच चीर असेल. मग पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी परीक्षा गवंड्याच्या नळीची. पारदर्शक नळीत बुडबुडा न ठेवता पाणी भरा आणि मशीनच्या चार पायांजवळच्या फरशीची उंची मोजा. कोपऱ्यांना घड्याळाच्या काट्याप्रमाणे क्रमाने अ, ब, क, ड म्हणा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची बेरीज करा, म्हणजे अ अधिक क, आणि ब अधिक ड. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर फरशी नुसती कललेली आहे, आणि कललेली फरशी मशीनला चालते. उदाहरणार्थ ०, २, ४, २ असे आकडे आले तर दोन्ही बेरजा ४, म्हणजे उतार आहे पण पीळ नाही. ०, ०, ४, ० आले तर एक बेरीज ४ आणि दुसरी शून्य. हा पीळ. चार बोल्टांनी जखडलेला सांगाडा हाच पीळ उचलतो आणि टेबलांतून फळीला देतो. पाणसळ ठेवून मशीन लेव्हलमध्ये आणायचा माझा सगळा खटाटोप म्हणूनच फुकट गेला. लेव्हल ही मशीनची गरज नव्हती.

बेअरिंग का तापत होतं तेही यातच आहे. साध्या बॉल बेअरिंगला शाफ्टचा तिरपेपणा फार थोडा चालतो, अंशाच्या साठाव्या भागाच्या हिशेबात मोजावा इतका. बेअरिंगची दोन घरं पिळलेल्या सांगाड्यावर बसली की ती एकमेकांच्या रेषेत राहत नाहीत, आणि नवं बेअरिंगही चार महिन्यांत ओरडायला लागतं. बेल्टचं तर उघडच आहे. मोटर फरशीच्या एका तुकड्यावर, मशीन दुसऱ्यावर, दोन्ही आपापल्या दिशेनं सरकणार.

उपाय माझ्या घरातल्याच तिपाईनं सुचवला. तीन पायांची तिपाई शेणानं सारवलेल्या खड्ड्याखड्ड्यांच्या जमिनीवरही डुगडुगत नाही. तीन बिंदू नेहमी एका सपाट प्रतलात असतात, मग ते कललेलं का असेना, चौथा आला की वाद सुरू. मी मशीनच्या चक असलेल्या बाजूच्या दोन पायांना खालून एक सी-चॅनल, म्हणजे ‘सी’ आकाराची पोलादी पट्टी, आडवा बोल्टांनी जोडला आणि त्या चॅनलच्या मध्यावर एकच टेकू दिला. करवतीकडचे दोन पाय तसेच. म्हणजे टेकू तीन. प्रत्येकाखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या रबराचा तुकडा. आता फरशी कशीही पिळो, सांगाडा फार तर कलतो.

इथं एक सावधगिरी. तीन टेकूंवर जड मशीन एका कोपऱ्याकडे उलटू शकतं, विशेषतः करवतीवर लांब ओंडका ढकलताना. म्हणून चॅनलच्या दोन्ही टोकांना फाउंडेशन बोल्ट ठेवा, पण नट आवळू नका. नट आणि चॅनल यांच्यात, तसंच चॅनल आणि फरशी यांच्यात चार-पाच मिलिमीटर मोकळं ठेवा आणि दुहेरी नट लावा, म्हणजे ते हालचालीने सुटणार नाहीत. मशीन उलटायला लागलं तर बोल्ट धरतो, एरवी त्याचा संबंध नाही. मदतीला येणारा प्रत्येक पोरगा तो सैल नट बघतो आणि प्रेमानं आवळून टाकतो. मी त्यावर लाल रंग लावला आहे. तरी एकानं आवळलाच.

मोटर जमिनीवरून उचलून सांगाड्यालाच कडी करून टांगली. त्यामुळे बेल्टची कड खाणं थांबलं. सांगाड्यात जागा नसेल तर मशीन आणि मोटर दोन्हीखाली एकच पोलादी चौकट घ्या आणि ती चौकट तीन टेकूंवर ठेवा. पण चौकट खरोखर जाड हवी, नाहीतर तीच पिळेल.

मुळावर घाव घालायचा तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदून मशीनचा स्वतंत्र ओटा बांधता येतो, शेडच्या फरशीपासून सुटा. आमच्याकडे काळीची खोली किती ते विहीर खणणाऱ्यालाच विचारा. मी तो नाद सोडला. त्याऐवजी पत्र्याला पन्हळ लावून पाणी दहा फूट लांब नेलं आणि शेडच्या चारही बाजूंना फरशीचा हातभर पट्टा उताराने घातला. भिजणं-सुकणं कमी झालं तशी हालचालही कमी झाली. लिंब तोडा असं दोघा-तिघांनी सुचवलं. मे महिन्यात त्या शेडमध्ये उभं राहून दाखवा, मग बोलू.

हे सगळं झाल्यावर दोन पावसाळे गेले. टेबलांखाली घातलेल्या सगळ्या पत्र्या मी काढून टाकल्या, त्यातली एक तर सिगारेटच्या पाकिटाची होती, माझी नव्हे, आधीच्या मालकाची. ग्राइंडिंग केलेली टेबलं पत्रीशिवाय बरोबर बसली. त्या वर्कशॉपवाल्याला भेटून चहा पाजला. त्यानं काही ऐकवलं नाही, फक्त विचारलं, “काळीत हाय का शेड?”

दार अजूनही अडकतं. चौकटीची ती बाजू मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. खांदा लावायची वेळ आली की पाण्याची नळी खुंटीवरून काढतो, चार कोपरे मोजतो आणि आकडे त्याच दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहितो.